नाटकांचीं हँडबिलें

रंगभूमीचा इतिहास लिहितांना आपण नाटककाराकडे पाहतों, नटाकडे पाहतों, क्वचित् नाटकगृहाकडेहि पाहतों. परंतु कागदाच्या ज्या कपट्यानें प्रेक्षकाला घरांतून उठवून नाटकगृहाच्या दारापर्यंत आणलें, त्याच्याकडे पाहण्याची आपल्याला सवय नाहीं. हँडबिल ही वस्तूच अशी कीं, तिचें आयुष्य एका रात्रीचें. सायंकाळीं ती हातांत पडावी, रात्रीं तिच्यावरची वेळ पाहून माणसानें घराबाहेर पडावें, आणि सकाळीं वाण्यानें तिच्यांत सुपारी बांधावी. ग्रंथाला बांधणी असते व ग्रंथालयांत जागा असते. हँडबिलाला दोन्ही नसतात. तरीहि आमचें म्हणणें असें आहे कीं, मराठी रंगभूमीचीं आरंभींचीं पन्नास वर्षें ज्याला खरोखर समजून घ्यावयाचीं आहेत, त्यानें नाटकांच्या संहितांइतकेंच या कपट्यांकडे लक्ष द्यावें. त्या काळच्या पुष्कळशा नाटकांना छापील संहिताच नव्हती. सूत्रधारानें पद्यें म्हणावीं आणि पात्रांनीं आयत्या वेळीं सुचेल तें भाषण करावें, अशी रीत होती. अशा प्रयोगांच्या बाबतींत जाहिरात हाच पुष्कळदां त्या दिवसाचा एकमेव छापील पुरावा ठरतो.

जाहिरातीची गरज केव्हां उत्पन्न होते, याचा प्रथम विचार करूं. राजवाड्यांत नाटक झालें तर निमंत्रण जातें. देवळांत लळित झालें तर उत्सवाची तिथि साऱ्या गांवाला ठाऊक असते. तेथें कोणीं कोणाला कळविण्याचें कारण नाहीं. ज्यांची परस्परांशीं ओळख नाहीं अशीं माणसें एका ठिकाणीं, एका ठराविक वेळीं, पदरचे पैसे देऊन जमावींत अशी जेव्हां इच्छा असते, तेव्हांच छापील जाहिरात जन्मास येते. म्हणजे जाहिरात निघूं लागली याचा अर्थ असा कीं, नाटकाचा धनी बदलला. पूर्वीं तो एक होता व त्याचें नांव सर्वांस माहीत होतें. आतां तो अनेक झाला व त्याचें नांव कोणासच माहीत नाहीं. या अनोळखी धन्याला काय सांगावयाचें, काय सांगावयाचें नाहीं, आणि त्याच्या मनांतील कोणत्या शंकेला आधींच उत्तर देऊन ठेवावयाचें, हें हँडबिल लिहिणाराला दरवेळीं ठरवावें लागे. म्हणून हँडबिलांत नाटकाचें वर्णन थोडें आणि समाजाचें वर्णन पुष्कळ असतें.

ही गोष्ट आपल्याकडे घडण्यापूर्वीं सुमारें शंभर वर्षें अमेरिकेंतील इंग्रजी वसाहतींत घडून गेलेली आहे. आणि तें चित्र दूरचें असल्यामुळें त्यांत जाहिरातीचे धर्म अधिक स्पष्ट दिसतात. १७५२ सालीं हॅलम कुटुंबाची नाटक मंडळी लंडनहून जहाजानें व्हर्जिनिया वसाहतींत विल्यम्सबर्ग येथें उतरली, व त्या वर्षाच्या सप्टेंबरांत तिनें ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चा प्रयोग केला. ‘व्हर्जिनिया गॅझेट’ या पत्रांत त्याची जाहिरात आली. उत्तम बैठकीस साडेसात शिलिंग, मधल्या जागेस पावणेसहा शिलिंग आणि वरच्या सज्जास पावणेचार शिलिंग असा दर होता. वसाहतींतला छापखानेवालाच वर्तमानपत्र छापी, तोच हँडबिलें छापी, तोच तिकिटें छापी, आणि पुष्कळदां तिकिटांची विक्रीहि त्याच्याच दुकानीं होई. बड्या घरच्या स्त्रियांनीं आपली जागा धरून ठेवण्यासाठीं नोकरांना लवकर पाठवावें, अशी सूचना त्या काळच्या जाहिरातींत वारंवार आढळते. त्या एका सूचनेवरून नाटकाला कोण येत असे, जागांना क्रमांक नव्हते, आणि मालकिणीसाठीं तासन् तास बसून राहण्यास गुलाम किंवा नोकर हाताशीं होते, इतक्या गोष्टी कळतात. नाटकाच्या संहितेवरून यांतली एकहि कळली नसती.

दक्षिणेकडील वसाहतींत हें चालून गेलें. उत्तरेकडील प्युरिटन पंथाच्या लोकांना मात्र नाटक म्हणजे आळस, उधळपट्टी व अनीति यांची शाळा वाटे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १७५० सालींच कायदा करून नाटकांना बंदी केली होती. शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्यें न्यूपोर्ट गांवीं १७६१ च्या जून महिन्यांत डेव्हिड डग्लस याच्या मंडळीनें एका खानावळीच्या जागेंत शेक्सपिअरचें ‘ऑथेल्लो’ केलें. पण हँडबिलावर त्यास नाटक म्हटलें नाहीं. मत्सरादि विकारांचे दुष्परिणाम दाखविणारे पांच भागांतील नीतिसंवाद, असें त्याचें वर्णन केलें. पात्रांची यादी देतांना कोणतें पात्र कोणता धडा शिकवितें, हें एकेकाच्या नांवाबरोबर सांगितलें. प्रयोग सात वाजतां सुरू होऊन साडेदहास संपेल, म्हणजे प्रत्येकाला सभ्य वेळीं घरीं परततां येईल व निजण्यापूर्वीं पाहिलेल्या गोष्टींवर मनन करतां येईल, असेंहि आश्वासन दिलें. एवढी खबरदारी घेऊनहि दुसऱ्याच वर्षीं त्या वसाहतीनें नाटकांवर बंदी घातली ती घातलीच. याच ‘ऑथेल्लो’वरून गोविंद बल्लाळ देवल यांनीं रचलेला ‘झुंजारराव’ १८९० सालीं मराठींत आला, तो मात्र उघडपणें नाटक म्हणूनच आला. परंतु डग्लसच्या हँडबिलामागें जी भीति होती, ती आपल्या समाजाला अपरिचित होती असें कोणीं समजूं नये. ‘नाटक्या’ हा शब्द आपल्या घरांत कित्येक पिढ्या शिवीसारखा वापरला गेला आहे.

हिंदुस्थानांत देशी भाषेंतील नाटकाची छापील जाहिरात प्रथम गाजली ती कलकत्त्यास. गेरासिम लेबेडेव्ह या रशियन संगीतज्ञानें ता. २७ नोव्हेंबर १७९५ रोजीं एका इंग्रजी प्रहसनाचें बंगाली रूपांतर रंगभूमीवर आणलें, व त्याची जाहिरात ‘कलकत्ता गॅझेट’मध्यें दिली. उत्तम जागेस आठ सिक्का रुपये व सज्जास चार. विल्यम्सबर्गच्या दरांतहि सज्जाचा दर उत्तम जागेच्या बरोबर निम्मा होता, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. इंग्रजी नाटकगृहाची ही मोजणी समुद्र ओलांडून दोहींकडे गेली. तिच्यामुळें एक नवी गोष्ट झाली. दरबारांत माणसाची बैठक त्याच्या मानावरून ठरे, आणि गांवांत त्याच्या जातीवरून. नाटकगृहांत ती तिकिटावरून ठरूं लागली. या तत्त्वाची अंमलबजावणी पूर्णपणें झाली असें आम्ही म्हणत नाहीं. पण तें प्रथम छापून निघालें तें जाहिरातींत.

आतां आपल्या घराकडे वळूं. ता. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस विष्णु अमृत भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां जाहिरातीचा प्रश्नच नव्हता. आश्रयदाते सांगलीचे अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. प्रेक्षक म्हणजे त्यांचे मानकरी व निमंत्रित मंडळी. १८५१ सालीं आप्पासाहेब निवर्तले, दरबारचा आश्रय आटला, आणि भाव्यांना आपली मंडळी घेऊन परगांवीं निघावें लागलें. १८५३ च्या मार्च महिन्यांत मुंबईस ग्रँट रोडवरील नाटकगृहांत त्यांनीं प्रयोग केले. नाना शंकरशेट यांच्या जागेवर १८४६ सालीं उभारलेलें हें नाटकगृह इंग्रजी धर्तीचें. त्याला पडदा, रंगमंच, दरवाजा व तिकिटाची खिडकी. पुढच्याच महिन्यांत, ता. १६ एप्रिल रोजीं, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली. ठराविक पैसे भरून, ठराविक वेळीं, अनोळखी माणसांच्या शेजारीं बसावयाचें, हा धडा मुंबईकरांनीं त्या वर्षीं दोन ठिकाणीं एकदमच घेतला.

भाव्यांच्या मुंबईंतील प्रयोगांच्या जाहिराती ‘बाँबे टाइम्स’ या इंग्रजी पत्रांत आल्या. मंडळीला त्या वर्षीं ‘हिंदु ड्रॅमॅटिक कोअर’ असें नांव दिलेलें आढळतें. ‘कोअर’ म्हणजे पलटणीची तुकडी. त्याच साली निघालेल्या पारशी मंडळीनेंहि हाच शब्द घेतला. रामरावणाच्या आख्यानाला फौजेंतलें नांव कां, असा प्रश्न आज पडतो; पण ज्या वाचकासाठीं ती जाहिरात होती तो साहेब, पारशी शेट किंवा इंग्रजी शिकलेला हिंदु गृहस्थ होता, आणि त्याला शिस्तीची व जबाबदारीची खूण पटवावयाची होती. डग्लसनें न्यूपोर्टला नीतीचा अंगरखा चढविला, तसा आपल्याकडे हा इंग्रजी अंगरखा चढला. मराठी नाटकाचें पहिलें छापील नांव परक्या भाषेंत उच्चारलें गेलें, ही गोष्ट त्या काळच्या समाजस्थितीविषयीं पुष्कळ कांहीं सांगते.

मंडळ्यांचीं मराठी नांवेंहि बोलकीं आहेत. सांगलीकर, इचलकरंजीकर, अळतेकर, अमरचंदवाडीकर अशा मंडळ्यांनीं पहिला काळ गाजविला. हीं सारीं ठिकाणांचीं नांवें. परगांवीं गेलेला माणूस प्रथम आपलें गांव सांगतो, तद्वत् या मंडळ्या हँडबिलाच्या माथ्यावर आपलें गांव सांगत; त्यांत एखाद्या संस्थानिकाच्या आश्रयाची सूचनाहि येई. ता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास आनंदोद्भव नाटकगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक केले. त्यानंतर मंडळी ओळखली जाऊं लागली ती माणसाच्या नांवानें. पुढें १९१३ मध्यें बालगंधर्वांनीं स्वतंत्र मंडळी काढली, तेव्हां तिचें नांवहि ‘गंधर्व नाटक मंडळी’ असेंच ठेवलें. गांवाकडून माणसाकडे झालेला हा प्रवास हँडबिलांच्या पहिल्या ओळींत वाचतां येतो. किर्लोस्करांपासूनच आणखी एक शब्द या ओळींत शिरला, तो म्हणजे ‘संगीत’. ‘संगीत शाकुंतल’, ‘संगीत सौभद्र’, ‘संगीत शारदा’, ‘संगीत मानापमान’! गद्य नाटक करणाऱ्या मंडळीशीं स्पर्धा लागली असतां हा तीन अक्षरांचा शब्द जाहिरातीचें निम्में काम करी. पुढें तो नाटकाच्या नांवाशीं असा चिकटला कीं, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरूनहि तो गेला नाहीं. जाहिरातीनें वाङ्मयप्रकाराचें नामकरण केल्याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

वेळ, दर आणि स्त्रियांची सोय या तीन बाबी जुन्या जाहिरातींत सहसा चुकत नाहींत. ज्या समाजांत रात्र प्रहरांनीं मोजली जाई, त्याला ‘रात्रौ ठीक नऊ वाजतां’ हें वाक्य नाटकवाल्यांनीं शिकविलें. नऊचे दहा झाले तरी वाक्य तेंच राहिलें. स्त्रियांसाठीं बसण्याची जागा निराळी केली आहे, या अर्थाची ओळ वरवर पाहतां साधी सूचना वाटते. परंतु ती स्त्रियांना उद्देशून लिहिलेलीच नव्हे. ती वाचणारा बहुधा घरचा कर्ता पुरुष असे. आणि आपल्या मंडळींना नाटकास नेलें असतां शेजारीपाजारी काय म्हणतील, ही जी त्याच्या मनांतली शंका, तिला ती ओळ उत्तर देई. रंगमंचावर स्त्रीची भूमिका पुरुष करीत होता, पण प्रेक्षागृहांतील स्त्रीच्या जागेला पुरुषाचा पर्याय नव्हता. ती आली तर तिकिटें दुप्पट खपत, शिवाय मंडळीला सभ्यपणाचा दाखला मिळे. तेव्हां ही ओळ दयाबुद्धीनें लिहिलेली नसून व्यवहारानें लिहिलेली आहे. पण तिच्यामुळें कित्येक घरांतल्या स्त्रियांना वर्षांतून एकदोन रात्री उंबरठ्याबाहेरचें जग दिसलें, हेंहि तितकेंच खरें.

जाहिरात सांगते तशी लपवितेहि. सरकारनें १८७६ सालीं नाट्यप्रयोगांचा कायदा करून आक्षेपार्ह प्रयोग बंद करण्याचा अधिकार आपल्या हातीं घेतला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. जाहिरातींतलें नांव शुद्ध पौराणिक, कथानक महाभारतांतलें; त्यांत राजद्रोह शोधावयाचा तर व्यासांनाच पकडावयास हवें! पण नाटकगृहांत बसलेला प्रत्येकजण कीचकाच्या ठिकाणीं लॉर्ड कर्झनला पाहत होता. १९१० मध्यें सरकारनें तें नाटक बंद केलें. न्यूपोर्टच्या हँडबिलांत नाटकावर नीतीचें पांघरूण होतें. येथें राजकारणावर पुराणाचें पांघरूण पडलें. फरक इतकाच कीं, तेथें लोकांना फसवून आंत आणावयाचें होतें, आणि येथें लोकांना सर्व ठाऊक असून केवळ सरकारला बाहेर ठेवावयाचें होतें. छापील शब्दाचा अर्थ वाचकाच्या मनांत पुरा होतो, हें सांगण्यास अलंकारशास्त्राची गरज नाहीं. हँडबिल पुरेसें आहे.

नाटकाची सद्दी कशी संपली, याचीहि नोंद जाहिरातींतच आहे. ता. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालीवाला नाटकगृहांत टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग केला. जाहिरातीला करण्यासारखें तेथें कांहीं उरलेंच नव्हतें. दोन नांवें एका ओळींत आलीं एवढ्यानें काम झालें. परंतु तत्पूर्वींच, १९१३ सालीं, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला होता. सुरतेस प्रेक्षक येईनात तेव्हां फाळक्यांनीं सत्तावन हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात केली, असें सांगतात. रात्रभर चालणाऱ्या नाटकाची सवय झालेल्या प्रेक्षकाला तास-दीड तासाचा खेळ तोकडा वाटे. म्हणून वेळाऐवजीं मैलांनीं मोजून दाखविण्याची ही युक्ति. गिऱ्हाइकाची तक्रार ओळखून तिचेंच उत्तर छापावें, ही हँडबिलाची विद्या सिनेमानें नाटकापासूनच उचलली.

हा झाला मुंबई-पुण्याचा वृत्तांत. आमच्या बीड जिल्ह्यांत येतांच चित्र पालटतें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि नाणें हाली सिक्क्याचें. सुमारें सात हाली रुपयांस सहा कलदार असा भाव. नगर-सोलापूरकडून येणाऱ्या मंडळीला तिकिटाचा दर हाली कीं कलदार, हें पहिल्या ओळींतच स्पष्ट करावें लागणार हें उघड आहे. मंडळ्यांचे दौरे आगगाडीच्या वाटेनें चालत, कारण पडदे, पेट्या, पोषाख व स्वयंपाकाचीं भांडीं यांचा पसारा मोठा. मनमाडहून औरंगाबाद, जालना, नांदेड या वाटेनें हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्यें लातुरास पोंचली. बीड शहर या दोहोंच्या मध्यें कोरडेंच राहिलें. त्याच्या दाराशीं आगगाडी यावयास २०२५ साल उजाडावें लागलें. शिवाय १९०१ च्या शिरगणतीप्रमाणें हैदराबाद संस्थानांत शंभरांत पांच माणसेंहि साक्षर नव्हतीं. जेथें वाचणाराच नाहीं तेथें हँडबिल कोणाच्या हातांत द्यावयाचें?

तेथें दवंडी होती. हलगीवर टिपरी पडली कीं माणसें दाराशीं येत, आणि अमुक वाड्यांत किंवा अमुक पटांगणांत जेवणखाण उरकल्यावर खेळ आहे, असें सांगून दवंडीवाला पुढच्या आळीस जाई. दवंडीला अक्षरओळख लागत नाहीं, घड्याळ लागत नाहीं. ती अंध वृद्धालाहि ऐकूं येते. जाहिरात या दृष्टीनें ती हँडबिलाहून कितीतरी सरस. पण हलगीचा नाद हवेंत विरला कीं मागें कांहीं उरत नाहीं. यांतच आमच्या प्रांताच्या इतिहासाचें दुर्दैव आहे. ज्या गांवीं छापखाना, त्या गांवाला इतिहास. ज्या गांवीं दवंडी, त्याला केवळ आठवणी, आणि त्याहि तीन पिढ्या टिकल्या तर टिकल्या. मुंबईच्या १८५३ सालच्या प्रयोगांच्या तारखा आपण घडाघडा सांगतों, याचें कारण त्या प्रयोगांची थोरवी एवढेंच नाहीं; इंग्रजी वर्तमानपत्रांच्या फाइली बांधून जपल्या गेल्या, हेंहि आहे. पुराव्याच्या या विषम वांटणीला आपण रसिकतेची विषम वांटणी समजूं लागलों, तर तो मराठवाड्यावर अन्याय होईल. मराठवाड्यांत नाट्यकला रुजली नव्हती अशीं विधानें ऐकूं आलीं म्हणजे, तीं करणाराला आम्ही प्रथम इतकेंच विचारूं कीं, आपण छापखाने मोजलेत कीं प्रेक्षक?

हँडबिलाच्या साक्षीवर आंधळा विश्वास ठेवावा, असा याचा अर्थ नव्हे. जाहिरात काय घडणार तें सांगते. काय घडलें तें सांगत नाहीं. नट आजारी पडे, पाऊस येई, परवानगी वेळेवर मिळत नसे, आणि ‘अगदीं शेवटचा प्रयोग’ पुढच्या आठवड्यांत पुन्हां होई. म्हणून हँडबिलावरील तारीख ही प्रयोगाची तारीख समजण्यापूर्वीं दुसरा पुरावा शोधावा लागतो. पण तिच्यांत एक गुण असा आहे कीं, ती इतिहासकाराला फसविण्यासाठीं लिहिलेली नाहीं. आत्मचरित्र लिहिणारा नट भावी पिढीकडे पाहून लिहितो. हँडबिल लिहिणारा फक्त त्या रात्रीच्या गल्ल्याकडे पाहतो. त्याची अतिशयोक्ति ठराविक जागीं असते, ती वजा करतां येते, आणि उरलेला मजकूर, म्हणजे ठिकाण, दर, वेळ व सोयी, सहसा खरा असतो. कारण त्यांत लबाडी केली तर दाराशींच भांडण होई. छापखान्याचें नांव व ठिकाण प्रत्येक छापील कागदावर असावें, असा १८६७ च्या कायद्याचा दंडक ब्रिटिश मुलखांत होता. तळाशीं बारीक टाइपांत असलेली ही ओळ पुष्कळदां सर्वांत उपयोगी पडते; वर्ष नसलेल्या हँडबिलाचा काळ छापखान्यावरून ठरवितां येतो.

शेवटीं वाचकांस एक विनंती. जुन्या घरांतून हे कपटे अजून सांपडतात, पण शोधावयाच्या जागा निराळ्या आहेत. पोथीच्या पुठ्ठ्याला आंतून चिकटविलेला कागद, हिशेबाच्या वहीचें वेष्टण, फडताळाच्या तळाशीं घातलेलीं पानें, जुन्या तसबिरीच्या पाठीमागचा आधार, येथें एखादें हँडबिल निघण्याचा संभव असतो. तें मराठी असो वा उर्दू, नाटकाचें असो वा जलशाचें, पूर्ण असो वा अर्धें, रद्दींत घालूं नये. त्याला चिकटपट्टी लावूं नये, घडी मोडण्याचा अट्टहास करूं नये. दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, कारण पाठीमागें पुष्कळदां घरखर्चाचा हिशेब किंवा तारीख असते. तें कोणत्या वस्तूंत सांपडलें हें लिहून ठेवावें, आणि मग जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयास दाखवावें. घरांत वृद्ध माणूस असेल, तर दवंडीचे शब्द त्याच्या तोंडून जसेच्या तसे उतरून घ्यावे. मराठवाड्याच्या पुरतें तरी तेंच आमचें हँडबिल आहे. हें काम विद्वानांनीं करावयाचें म्हणून थांबलों, तर विद्वान् येईपर्यंत कसर येऊन गेलेली असते.